निवडून आणलेली सालं

४ फेब्रुवारी

एकेचाळीस टक्के. आजही एकेचाळीसच. तिने कागद टेबलावर टाकला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी पोतं खाली ठेवून तसाच. विचारलं, "चहा आणू?" म्हणाली, "नको रे. तू जा. मामा वाट बघत असतील."

मामा कसला वाट बघतोय. पण गेलो.

सगळं एकदा इथे लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल. काम सांगायला सोपं आहे. मामाच्या रसाच्या दुकानात संत्र्यांची सालं ढिगाने उरतात. ती मी पोत्यात भरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेतो. तिथे ती - सरांच्या हाताखाली पीएचडी करते - ही सालं धुते, वाळवते, दळते, चाळते. पूड काचेच्या नळीत भरते आणि वरून शिसं मिसळलेलं पाणी थेंबथेंब सोडते. शिसं सालीला चिकटून राहायचं आणि खाली पाणी स्वच्छ उतरायचं - असा बेत. जुन्या बॅटऱ्या फोडतात त्या वस्तीत हातपंपालाच शिसं येतं. तिथे असली गाळणी बसवता आली तर पोरं निदान विष पिणार नाहीत. म्हणून हे सगळं.

नोव्हेंबरात तिने सरांना अहवाल दिला. चौऱ्याण्णव टक्के शिसं अडतं! त्या आकड्यावर बाहेरची एक संस्था खूश झाली. आता त्यांचा तपासनीस येणार, १० मार्चला, समोर बसून बघणार. आणि जानेवारीपासून काही केल्या नळी बेचाळीसच्या वर जात नाही. तपासनिसासमोर असं झालं तर काम गेलं. कामाचं एक वेळ सोड. सर तिला रोज विचारतात, "मग चौऱ्याण्णव आलं कुठून?"

ते काय विचारतायत हे शेंबड्या पोरालाही कळतं.

६ फेब्रुवारी

पाय भरून आलेत. दिवसभर उभं राहून संत्री चिरायची, पिळायची, ग्लास विसळायचे. संध्याकाळी हाताचा वास माझा मलाच नको होतो.

मामा गिऱ्हाइकांना सांगतो, "हे आमचे भाचेबुवा. कॉलेज सुटलं, पण कॉलेजची वाट सुटत नाही." गिऱ्हाईक हसतं. मीही हसतो. काय करणार? दुसऱ्या वर्षाला असताना याच सरांनी वर्गासमोर विचारलं होतं, "मोजताना डोळे कुठे ठेवले होतेस?" सगळे हसले. मी हातातला चंबू बेसिनमध्ये आपटला आणि निघालो तो निघालोच. आई काही बोलली नाही. माझा प्रयोगशाळेचा पांढरा कोट मात्र तिने धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवलाय. कपाट उघडलं की तो दिसतो. बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि आता त्याच प्रयोगशाळेत पोतं पाठीवर घेऊन जातो. तिच्यामुळे.

सगळे तिला ताई म्हणतात. शिपाई म्हणतो, पहिल्या वर्षाची पोरं म्हणतात. तीन वर्षांनी मोठी आहे माझ्यापेक्षा, मीही म्हणायला हवं. माझी जीभ रेटत नाही. मी काहीच म्हणत नाही - "अगं" पण नाही. नुसता समोर जाऊन उभा राहतो. ती म्हणते, "आले पोतंवाले."

तेवढ्यावर दोन दिवस निघतात.

८ फेब्रुवारी

आज निवडायला बराच वेळ गेला. मामा ओरडला, "अरे सालं आहेत ती, मुलगी बघायला आलायस का?"

पण मी ती ड्रममध्ये पडूच देत नाही. सुरीखालून निघाली की लगेच उचलतो. डागाळलेली बाजूला, पातळ बाजूला. उरलेला गर पुसून काढतो. मग धुतलेल्या पोत्यात एकेक थर. पहिल्या खेपेला कोण ती, काय तिचं काम, काही ठाऊक नव्हतं. मामा म्हणाला घेऊन जा, तर मागच्या ड्रममध्ये फावडं घातलं आणि पोतं भरलं. चिलटं, चिकचिक, सगळ्यासकट. कसं दिलं असेन तिच्या हातात? आठवलं की कानशिलं तापतात.

आता कशी छान नेतो. आणि तरी एकेचाळीस. सालींची चूक नाही एवढं नक्की.

१२ फेब्रुवारी

करून बसलो.

दुपारी पोतं घेऊन गेलो तर ती जिन्यात बसलेली. डोळे सुजलेले. सर म्हणाले होते, "तपासनिसाला बोलावण्याआधी मला खरं काय ते सांग. अजून वेळ आहे." बस. माझं टाळकं सरकलं. तडक सरांच्या खोलीत. ते जेवत होते. मी म्हटलं, "तुम्ही तिला खोटारडी म्हणता?" म्हणाले, "मी प्रश्न विचारला." म्हटलं, "तुम्हाला माणसाचा अपमान करायची सवयच आहे. आम्ही गेलो, आता तिलाही घालवा." आणि टेबलावर हात आपटला. डब्याचं झाकण खाली पडून गोल गोल फिरत राहिलं. सरांनी ते उचलून डब्यावर बसवलं.

मग शांतपणे म्हणाले, "तिची बाजू ती मांडेल. तू कोण?"

तू कोण! पोतंवाला - हे काय उत्तर झालं?

बाहेर ती उभीच होती. मला वाटलं - काय वाटलं ते लिहीत नाही. म्हणाली, "कुणी सांगितलं होतं तुला?"

"ते तुला वाट्टेल ते बोलतायत."

"त्यांनी विचारलं ते चूक नव्हतं. कुणीही विचारेल. तू नको ना माझ्यासाठी भांडूस. खरंच नको."

दमलेली होती. मीही.

१३ फेब्रुवारी

पोतं नेलं नाही.

१४ फेब्रुवारी

नेलं नाही.

१७ फेब्रुवारी

आज गेलो. तिनेच निरोप धाडला होता - सालं संपली. सर नव्हते, बरं झालं.

काय करू, काय करू म्हणून तिच्या बरण्या धुवायला घेतल्या. खालच्या फळीवर एक रिकामी बरणी मिळाली. चिठ्ठीवर 'नोव्हेंबर'. आत काचेला थोडी पूड चिकटून राहिलेली - गडद पिवळी, हळदीच्या जवळ जाणारी. आत्ताची पूड तर कणकेसारखी फिकी. तिला विचारलं, "ही पहिल्या पोत्याची ना? मग रंग असा का?"

तिने बरणी माझ्या हातातून घेतली. म्हणाली, "होता तसा. लक्ष नाही दिलं तेव्हा."

"उरली नाही का थोडी? हीच पुन्हा नळीत घालून बघितली असती."

"संपली ती."

बरणी तिने स्वतःच धुतली. घासून घासून. मला दिली नाही.

१८ फेब्रुवारी

पुसायचं फडकं मागच्या ड्रममध्ये पडलं. काढायला कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढला तर बोटं पिवळी! नखांच्या कडांनी गडद पिवळं. कालच्या बरणीतलं पिवळं.

मामाला दाखवलं. तो केळ्याचे घड टांगत होता. "चुन्याने होतं तसं. हात धू, कातडी जाईल."

"चुना कुठून आला?"

"मी टाकतो ना. थर पडला की मगभर चुन्याचं पाणी. माश्या बसत नाहीत, वास येत नाही, शेजारी भांडत नाहीत. किती वर्षं टाकतोय. तुझं लक्ष कुठे असतं?"

माझं लक्ष कुठे असतं!

खाली बसलो. संत्र्यांच्या खोक्यावरच. पहिलं पोतं ड्रममधलं. चुन्यात रात्रभर मुरलेलं. साल धुतली तरी चुन्याने तिच्यात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असणार. दीड वर्षात एवढं रसायनशास्त्र माझ्याही डोक्यात शिरलंय. साल पिवळी झाली म्हणजे काहीतरी बदललं. तेव्हा चौऱ्याण्णव. मग मी - मी! - ड्रममध्ये पडायच्या आत उचलायला लागलो. पुसून, निवडून, घडी घालून. तेव्हापासून एकेचाळीस.

तिचं काम बुडवलं कुणी? सरांनी नाही. माझ्या लाडाने.

१९ फेब्रुवारी

सांगायला निघालो आणि फाटकातून परत आलो.

चुन्याचं सांगणं सोपं आहे. पण ती विचारणार - मग बदललास का? ती प्रत्येक गोष्टीला 'का' विचारते, कामच तसं आहे तिचं. त्या 'का'ला उत्तर एकच आहे आणि ते मी कधी कुणाला बोललेलो नाही. खोटं सांगावं? मामाने सांगितलं म्हणून? ती मामाला विचारेल. आणि खोट्या उत्तरावर तिची नळी कशी चालणार?

आईने विचारलं, "जेवत का नाहीस?" म्हटलं, पोट भरलंय. म्हणाली, "रस पिऊन कुणाचं पोट भरत नाही, बाळा." आणि समोर बसून राहिली. तिला सगळं कळतं, असा मला संशय आहे.

२० फेब्रुवारी

सांगितलं.

ती नळीपाशी वही घेऊन बसली होती. मी उभ्याउभ्याच - पहिलं पोतं ड्रममधलं, ड्रममध्ये चुना, नंतरची सगळी चुन्याशिवायची. एका दमात. ती पेन धरून ऐकत होती. मला वाटलं होतं उडी मारेल. तिचा चेहरा पांढरा पडला. मग म्हणाली, "खात्री आहे तुझी? पहिलं पोतं चुन्याचंच?"

"शंभर टक्के. मीच भरलं होतं."

"मग नंतर बदललंस का?"

आलाच 'का'.

"चांगली असावीत म्हणून."

"दळायचीच तर होती. चांगली कशाला?"

"तुला द्यायची होती म्हणून."

तिचं पेन थांबलं. नळीतून थेंब पडत होते, त्यांचा आवाज येत होता. मी जमिनीकडे बघून बोलत राहिलो. काय बोललो ते आता आठवत नाही, लिहायचंही नाही. ताई म्हणवत नाही हेसुद्धा बोलून गेलो.

ती म्हणाली, "चुना किती टाकतात मामा?"

मी म्हटलं, "मगाने."

"मग केवढा?"

हाताने दाखवला. तिने लिहून घेतलं. मी निघालो. दारापाशी मागून म्हणाली, "आणि ते दुसरं - ते मी ऐकलं. फक्त आत्ता काही विचारू नकोस."

नाही विचारणार. घरी येऊन आडवा झालो.

२२ फेब्रुवारी

सर स्वतः दुकानात! मी ग्लास विसळत होतो, हातातला निसटला. ते माझ्याकडे न बघता मामाला म्हणाले, "दोन पोती हवीत. एक ड्रममधलं, एक ताज्या सालींचं. मी भरेन. याने हात लावायचा नाही."

मामाने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. काय केलंस रे - असं.

सरांनी बाह्या दुमडल्या. मामाने त्यांना आपला रबरी एप्रन दिला, तो पोटावर बसेना. एवढा मोठा माणूस ड्रममध्ये वाकून सालं उपसतोय. मध्येच विचारलं, "चुन्याचं प्रमाण काय?"

मामा म्हणाला, "प्रमाण कसलं साहेब? माश्या जाईपर्यंत."

सर हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

पोत्यांची तोंडं बांधून त्यांनी खुणा केल्या. कुठली खूण कशाची, ते फक्त त्यांना माहीत. तिलाही सांगणार नाहीत. ती नुसतं मोजणार. जाताना माझ्याजवळ थांबले. "निकाल लागेपर्यंत प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही. तुझा जीव गुंतलाय. जीव गुंतलेल्या माणसाने मोजमापापासून लांब राहावं."

हे त्यांना कुणी सांगितलं? पण सांगायला कशाला हवं. कुणाच्या टेबलावर कुणासाठी हात आपटला, ते त्यांनी पाहिलेलंच आहे.

आश्चर्य म्हणजे राग आला नाही. राग यायलाही ताकद लागते.

२५ फेब्रुवारी

संत्री चिरतो. सालं ड्रममध्ये पडू देतो. पडताना बघतो.

२७ फेब्रुवारी

मामाला विचारलं, तू एवढा गप्प का? म्हणाला, "तुझी डॉक्टरीण पास होऊ दे, मग चिडवतो. आत्ता चिडवलं तर तू रडशील आणि गिऱ्हाईक पळेल."

१ मार्च

काही नाही. निरोप नाही. रस्त्यावर तिच्यासारखी ओढणी दिसली. दुसरीच कुणी.

४ मार्च

दुपारी सर आले. रस मागवला. स्टुलावर बसले, अर्धा ग्लास प्यायले, मग बोलले.

"ताज्या सालींचं बेचाळीस. ड्रममधल्यांचं त्र्याण्णव. तीनदा मोजायला लावलं. तिन्ही वेळा तेच."

मामाने हातातली सुरी खाली ठेवली.

सर ग्लासाकडे बघत म्हणाले, "मी त्या मुलीला दोन महिने चोरासारखं वागवलं. तिने मोजलेलं बरोबर होतं आणि मी तिला झोपू दिलं नाही. काल तिची माफी मागितली. तुझीही मागायला आलोय. त्या दिवशी तू उद्धटपणा केलास, पण बाजू तुझी खरी होती." मग जरा थांबून - "आणि ते मोजमापाचं वर्गासमोर बोललो होतो, तेही नको होतं बोलायला. जूनमध्ये ये. दुसरं वर्ष पुन्हा धर. चुन्याचं प्रमाण ठरवायला मला माणूस लागणारच आहे."

त्यांचे केस केवढे पांढरे झालेत. मी म्हटलं, "असू दे सर."

मामाने त्यांना दुसरा ग्लास भरून दिला. ते गेल्यावर मला म्हणाला, "म्हणजे आमच्या माश्यांनी शोध लावला म्हणायचा."

घरी आईला सांगितलं. तिने 'बरं झालं' म्हणून पाठ फिरवली आणि उगाच भांडी लावत बसली.

१० मार्च

झालं! तपासनिसासमोर त्र्याण्णव. मला आत बसू दिलं, सगळ्यात मागे. नळीतून पाणी उतरत होतं आणि मी श्वास धरून. तपासनीस उठून तिच्याशी हस्तांदोलन करून गेला. सर सगळ्यांना सांगत होते, "हिने नोव्हेंबरातच मोजून दाखवलं होतं, मीच विश्वास ठेवला नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या. बॅटऱ्यांच्या वस्तीत पहिली गाळणी उन्हाळ्यातच बसवायची म्हणतायत.

ती हसत नव्हती. खूप दमली असणार. टाळ्या थांबेपर्यंत ती टेबलाची कड धरून उभी होती.

गर्दी पांगल्यावर माझ्याजवळ आली. "परवा दुकानात येते. तुझ्याशी बोलायचंय. एकटं."

एकटं!

११ मार्च

इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. दाढी केली, गालावर कापलं. मामाला उद्या दुपारी घरी जायला पटवलं. तो म्हणाला, "जातो. पण स्टूल पुसून ठेव, चिकट झालंय." काही चिडवलं नाही. म्हणजे त्यालाही वाटतंय.

काय बोलेल? नाही म्हणाली तरी चालेल. खरंच चालेल. ती समोर बसून बोलेल, हेच खूप आहे.

१२ मार्च

आली. स्टुलावर बसली. रस नको म्हणाली.

म्हणाली, "नोव्हेंबरची पूड मी नळीत घातलीच नव्हती. ओलसर राहिली, बुरशी आली, फेकून दिली. अहवाल द्यायचा होता. चौऱ्याण्णव मी मनाने लिहिलं."

मी विचारलं, "सरांना सांगणार?"

तिने मान हलवली. नाही.

"तू माझ्यासाठी एवढं केलंस," म्हणाली, "म्हणून तुला तरी खरं सांगावंसं वाटलं."

ती माझ्याकडे बघत होती. मला वर बघवेना.

सरांनी या दुकानात येऊन माझी माफी मागितली. आणि मी ती घेतली.